नेटवरची लँडलाइन विकताना अर्धीच माहिती का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मखमलाबाद शिवारात मळ्यावर राहणाऱ्यांना लँडलाइनचं काय झालं हे वेगळं सांगायला नको. रस्त्याचं काम निघालं की जेसीबीच्या दातात केबल येते. ती एकदा जोडली जाते, पुन्हा तुटते आणि मग जोडायला कुणी फिरकत नाही. फायबर गावठाणापर्यंत आलं आहे, पण मळ्यातल्या वस्त्यांसाठी पोल टाकायला कुणाला परवडत नाही. दरी, मातोरी, मुंगसरे, गिरणारे या बाजूला घरं बांधाबांधावर विखुरलेली आहेत. तिथे सगळीकडे हीच कथा आहे.

आमच्या घरात प्रत्येकाकडे मोबाइल आहे. पण माझ्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांना ऐकायला कमी येतं, आणि जन्मभर छाटणी, थिनिंग करून त्यांची बोटं इतकी खरखरीत झाली आहेत की मोबाइलचा पडदा त्यांना दादच देत नाही. एकाच जागी तीनदा बोट घासावं लागतं आणि तोवर फोन कट होतो. त्यांना कानाला घट्ट लागणारा रिसीव्हर हवा, मोठी बटणं हवीत आणि मागच्या पडवीपर्यंत ऐकू जाईल अशी घंटी हवी. शिवाय आमची द्राक्षरोपांची नर्सरी आहे. दिंडोरी-निफाडकडच्या जुन्या शेतकऱ्यांच्या डायरीत घरचाच नंबर आहे. कोण कुठे बागेत आहे याची वाट न बघता घरातलं कुणीही उचलेल असा एक फोन आम्हाला लागतोच.

‘सिमवर चालणारा राउटर घ्या, त्याला तुमचा जुना फोन जोडा, झाली लँडलाइन.’ शहरातल्या दुकानांत आणि घरोघर फिरणाऱ्या एजंटांकडून सध्या हे ऐकायला मिळतं. आणि ते खरं आहे. आमच्याकडे आज असा फोन आहे, आवाज स्वच्छ येतो, सासूबाई रोज संध्याकाळी त्यावर त्यांच्या बहिणीशी बोलतात. ज्यांच्या घरापर्यंत वायर येत नाही त्यांनी हा मार्ग जरूर धरावा असं माझं मत आहे. माझी तक्रार विकणाऱ्यांबद्दल आहे. पैसे घेण्याआधी जे सांगायला हवं ते सांगत नाहीत आणि नंतर विचारायला गेलं की ‘रेंजचा प्रॉब्लेम असेल’ एवढ्यावर बोळवण करतात. माझा भाचा अंबडच्या एका कारखान्यात नेटवर्कचं काम बघतो. त्याने आमच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून एकेक गोष्ट समजावली, मी ती वहीत उतरवून घेतली. ती वही समोर ठेवूनच हे पत्र लिहिते आहे.

मुळात ‘नेटवरची लँडलाइन’ या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. काही राउटरच्या पाठीमागे लँडलाइनची पिन बसेल अशी जागा असते. तिथे जुना फोन लावला की राउटरमधल्या सिमचाच नंबर त्या फोनवर येतो. हे बोलणं व्होल्टीने, म्हणजे ४जीवरून फोन लावण्याच्या पद्धतीने जातं, मोबाइलवरून लावलेल्या फोनसारखंच. मोबाइल कंपनीचं नेटवर्क अशा बोलण्याला वेगळी राखीव वाट देतं, त्यामुळे टॉवरवर गर्दी झाली तरी आवाज सहसा टिकतो. मात्र त्या राउटरला व्होल्टी येतं का आणि ज्या कंपनीचं सिम घालणार तिच्या नेटवर्कवर ते चालतं का, हे आधी बघावं लागतं. खोक्यावर ४जी लिहिलं म्हणजे व्होल्टी असेलच असं नाही. ज्या कंपनीकडे जुनं २जी अजून चालू आहे तिथे फोन त्यावर उतरू शकतो. जिच्याकडे फक्त ४जी-५जी आहे तिथे व्होल्टी नसलेल्या राउटरवरून फोन लागणारच नाही, नेट मात्र झकास चालेल. दुकानदार नेट चालवून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे खरा इंटरनेट फोन. यात सिम फक्त डेटापुरतं. बोलण्याचा नंबर वेगळ्या परवानाधारक कंपनीचा, आणि राउटर व जुना फोन यांच्यामध्ये मुठीएवढा एक अडॅप्टर. अडॅप्टरला एका बाजूने राउटरची नेटची वायर आणि दुसऱ्या बाजूने टेलिफोनची पिन. त्यात कंपनीने दिलेलं खातं, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता भरला की रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन येतो. ही पद्धत ‘सिप’ नावाने ओळखली जाते. आपल्या देशात तिला मोकळीक टप्प्याटप्प्याने मिळाली. १ एप्रिल २००२ पासून नेटवरून बोलायला परवानगी मिळाली ती मर्यादित होती, संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातल्या फोनवर. देशातल्या साध्या फोनशी नेटवरून बोलण्याचा रस्ता दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये मोकळा केला, तोही परवानाधारक कंपन्यांपुरता. म्हणून कुणी परदेशी ॲपचा नंबर घरचा फोन म्हणून गळ्यात मारत असेल तर सरळ नको म्हणावं.

आमच्याकडे ही दुसरी पद्धत आहे, कारण आमच्या राउटरला फोनची पिन नाही. आणि सगळी गोम या पद्धतीतच आहे.

आवाज नेटवर किती जागा खातो हे समजलं की निम्मे प्रश्न सुटतात. आपण बोलतो त्याचे सेकंदाला पन्नास तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पत्त्याचं लेबल लावून वेगळा पाठवला जातो. जी.७११ नावाच्या नेहमीच्या पद्धतीत तुकडा १६० बाइटचा आणि लेबल ४० बाइटचं. हिशेब केला तर जायला ८० केबीपीएस (नेटचा वेग मोजायचं माप) आणि यायलाही तेवढेच. तासभर बोललं तर सत्तर-बहात्तर एमबी. आजच्या पॅकमध्ये हे काहीच नाही, आणि दुकानदार नेमकं एवढंच सांगतो. पण बहुतेकांच्या सिमवर रोजचा ठराविक जीबीचा पॅक असतो. संध्याकाळी मुलांचे व्हिडिओ बघून तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. आता ८० हवेत आणि मिळतात ६४. घंटी वाजते, फोन उचलला जातो आणि आवाज फाटतो किंवा येतच नाही. ‘रात्री आठनंतर रेंज जाते’ असं आमच्या वस्तीवरची एक बाई सांगत होती. तिच्याकडे रेंज कुठेही जात नव्हती, पॅक संपत होता. अडॅप्टरमध्ये जी.७२९ ही आवाज दाबून पाठवणारी पद्धत पहिल्या नंबरवर ठेवली आणि समोरच्या कंपनीला ती चालत असली, तर काम २४ केबीपीएसमध्ये भागतं. आवाज जरा चपटा येतो, पण शब्दन् शब्द कळतो. ही एक ओळीची सेटिंग आहे. विकणाऱ्याने ती करून द्यायला काय हरकत आहे?

हीच गत अपलोडची. आमच्याकडे रोपांच्या शेडवर दोन कॅमेरे आहेत, त्यांचं चित्रण दिवसरात्र वर चढत असतं. सिमच्या नेटला खाली यायची वाट रुंद आणि वर जायची वाट अरुंद. कॅमेऱ्यांनी ती अडवली की आपल्याला समोरच्याचं सगळं ऐकू येतं आणि समोरचा मात्र ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. राउटरमध्ये अडॅप्टरला अग्रक्रम देण्याची सोय असेल तर ती लावायची, आणि कॅमेऱ्यांचं चित्र थोडं हलक्या दर्जावर ठेवायचं. आम्ही दोन्ही केलं.

आता सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी गोष्ट. आपल्याकडून फोन लागतो, बाहेरून मात्र येत नाही. आणि गंमत म्हणजे नुकताच आपण फोन केलेला असेल तर पुढची काही मिनिटं येतोही, मग बंद पडतो. त्यामुळे बिघाड पकडताच येत नाही. कारण असं, की मोबाइल कंपन्या प्रत्येक सिमला नेटवरचा स्वतंत्र पत्ता देत नाहीत. जुन्या नाशकातल्या मोठ्या वाड्यात पन्नास बिऱ्हाडं असावीत आणि पत्ता एकच, वाड्याचा, तसं हे आहे. आतून कुणी पत्र पाठवलं तर त्याचं उत्तर कुणाकडे द्यायचं हे दारावरचा माणूस थोडा वेळ ध्यानात ठेवतो, मग विसरतो. त्यानंतर आलेला फोन वाड्याच्या दारातूनच परत जातो. करणाऱ्याला ‘संपर्क होऊ शकत नाही’ ऐकू येतं, आणि आपल्या घरी घंटीसुद्धा वाजत नाही, त्यामुळे फोन येऊन गेल्याचा पत्ताच लागत नाही. आमच्या नर्सरीच्या ऑर्डरी अशा किती बुडाल्या असतील!

उपाय अवघड नाही. अडॅप्टरच्या सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडतं, त्यावर ‘कीप अलाइव्ह’ नावाचा रकाना असतो. तिथे वीस सेकंद भरले की अडॅप्टर दर वीस सेकंदांनी सर्व्हरला बारीकशी हाक मारत राहतो आणि दार उघडं राहतं. राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाची सोय बहुधा चालू असते. नाव फोनच्या मदतीचं, पण ती तुकड्यांवरचे पत्ते परस्पर बदलते आणि त्यातून एकतर्फी आवाज, अर्ध्यात तुटणारे फोन असे नाना त्रास उद्भवतात. ती बंद करायची. एवढं करून आमच्याकडे येणारे फोन लागायला लागले. सिमवर कायमचा स्वतंत्र पत्ता घरगुती गिऱ्हाइकाला सहसा मिळत नाही, म्हणून ज्या सेवेला स्वतंत्र पत्ता लागतोच ती सिमच्या राउटरवर विकूच नये.

राउटर कुठे ठेवायचा याबद्दलही कुणी बोलत नाही. तो दिसायला देखणा असतो, म्हणून हॉलमध्ये टीव्हीशेजारी जातो. आमच्या घराला निम्मा स्लॅब आणि निम्मे पत्रे आहेत, आणि पत्र्याखाली रेंजचा जीव जातो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर सिग्नलचा आकडा उणे चिन्हात दिसतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. हॉलमध्ये तो उणे ११२ होता, वरच्या खोलीत टॉवरच्या बाजूच्या खिडकीत उणे ९४. फोनला एवढा फरक पुरतो. वेगाच्या ॲपमध्ये किती एमबीपीएस दिसतात त्याला बोलण्याच्या कामी फारसा अर्थ नाही. तुकडे वेळेवर पोचतात का हे महत्त्वाचं. एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. त्याच्या बराच वर गेलं की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हे फार जड जातं.

बँकेला किंवा गॅसच्या नंबरला फोन केला की ‘मराठीसाठी अमुक दाबा’ येतं आणि आपण दाबलेलं तिकडे पोचतच नाही, हा अनुभव पुष्कळांना येतो. आवाज दाबून पाठवताना बटणाचा सूरही दबतो, म्हणून. अडॅप्टरमध्ये बटणं आवाजातून न पाठवता वेगळ्या संदेशाने पाठवायची सेटिंग असते. ‘आरएफसी २८३३’ असं लिहिलेलं असतं, ते निवडायचं. सासूबाई सिलिंडर स्वतः नोंदवतात, त्यांना कुणाच्या हातापाया पडायला आवडत नाही. ही सेटिंग लावल्यावर तो मान त्यांना परत मिळाला. नंबर फिरवून झाल्यावर चार-पाच सेकंद शांतता जाते तेही अडॅप्टरमुळे, अजून आकडे येतील म्हणून तो थांबलेला असतो. शेवटी चौकटीचं बटण दाबलं की लगेच लागतो. मोबाइलला लावताना आधी शून्य लावायचा नियम लँडलाइनला १५ जानेवारी २०२१ पासून आहे. आपली सेवा शून्य मागते की नाही हे विचारून फोनच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं. आणि कुणाकडे चकती फिरवायचा जुना काळा फोन असेल तर तो बहुतेक अडॅप्टरांना कळत नाही. त्यावर फोन घेता येईल, लावता येणार नाही.

रिचार्जचं एक सांगते, कारण यात म्हातारी माणसं एकटी राहतात ती घरं अडकतात. पॅक संपत आल्याचे मेसेज राउटरमधल्या सिमवर येतात. ते सिम राउटरच्या पोटात. मेसेज वाचायचे तर १९२.१६८ ने सुरू होणारा राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून, पासवर्ड देऊन आतलं पान उघडावं लागतं. ऐंशी वर्षांची बाई हे कधी करणार? पॅक संपतो, फोन मुका होतो, पुण्या-मुंबईत बसलेल्या मुलाला वाटतं आईने रिसीव्हर नीट ठेवला नाही. सूचना दुसऱ्या नंबरवर जायची सोय विकतानाच लावून द्यावी, नाहीतर वर्षाचा पॅक मारून कॅलेंडरवर तारीख लिहावी. घरातल्या कुणाच्या मोबाइलमध्ये त्या सिमचं कंपनीचं ॲप जोडून ठेवलं तरी चालतं.

लाइटचं तर सगळ्यांना माहीतच आहे. जुन्या लँडलाइनला घरची लाइट लागत नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच दोन तारांतून फोनला पोचत. वादळी पावसात सगळं अंधारात असताना लँडलाइन चालायची ती त्यामुळे. नव्या व्यवस्थेत राउटर आणि अडॅप्टर, दोघांपैकी एकाची लाइट गेली की फोन गेला. मळ्यावर डीपी जळाली तर लाइट यायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. बाजारात राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, पण ते घेताना राउटर १२ व्होल्टचा आणि अडॅप्टर ५ व्होल्टचा असू शकतो हे बघावं. दोन्ही पिना असलेला यूपीएस घ्यावा लागतो. फक्त राउटर चालू ठेवून फोन चालत नाही. हा खर्च फोनच्या किमतीतच धरायला हवा आणि दुकानदाराने तो पहिल्याच वाक्यात सांगायला हवा.

नंबरचं दुःख वेगळं आहे. तोच नंबर ठेवून मोबाइल कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाइनला ती सोय नाही. दुसऱ्या कंपनीचा इंटरनेट फोन घेतला की ०२५३ चा आपला जुना नंबर सुटला. पण ज्यांचं जुनं कनेक्शन अजून कागदोपत्री चालू आहे आणि फक्त केबल तुटली आहे, त्यांनी ते घाईने सरेंडर करू नये. येणारे फोन दुसऱ्या नंबरवर वळवायचं काम एक्स्चेंजमध्ये होतं, घरापर्यंतच्या तारेत नाही. तार तुटलेली असतानाही जुन्या नंबरवरचे फोन नव्या नंबरवर वळवून देता येतात. अर्ज करून तसं मागावं. आमच्याकडे ते झालं, आणि निफाडच्या एका जुन्या बागायतदारांचा फोन पहिल्यांदा नव्या अडॅप्टरवर वाजला तेव्हा घरातले सगळे धावत आले होते.

एवढं सारं घरच्या घरी निस्तरता येतं. एक गोष्ट मात्र येत नाही, आणि तिच्यासाठी हे पत्र संपादकांकडे पाठवते आहे. ११२, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर. जुन्या लँडलाइनवरून पोलीस किंवा अग्निशमनला फोन गेला की तो नंबर कोणत्या पत्त्यावर आहे हे टेलिफोन खात्याच्या नोंदीत असायचं, आणि वायर त्याच घरात असायची. मोबाइलवरून गेला तर निदान टॉवरवरून भाग कळतो. इंटरनेट फोनचा अडॅप्टर उचलून गंगापूर रोडवरच्या मुलीच्या घरी नेला किंवा थेट पुण्याला नेला तरी तोच नंबर वाजतो. मग मदत कुठे पाठवायची? मुळात काही सेवांवरून ११२ लागतो, काहींवरून लागेलच असं नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटरनेट टेलिफोनीबद्दल शिफारशी केल्या त्यात हा विषय होता. आपत्कालीन नंबरची सोय देण्यासाठी कंपन्यांना उत्तेजन द्यावं, तूर्त सक्ती करू नये, पण या सोयीच्या मर्यादा ग्राहकाला निःसंदिग्ध शब्दांत सांगाव्यात, असा त्याचा आशय होता. निःसंदिग्ध शब्दांत! मी एजंटाला हा प्रश्न विचारला तेव्हा त्याला तो प्रश्नच कळला नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारलं तेव्हा पलीकडच्या मुलीने ‘तपासून सांगते’ म्हटलं आणि पुढे काही कळवलं नाही. हृदयविकाराचा माणूस घरात आहे, रात्रीची वेळ आहे, मोबाइलला आत रेंज नाही म्हणूनच तर हा फोन घेतला आहे, आणि त्यावरून ११२ लागतो की नाही हे विकणाऱ्यालाच माहीत नाही. हे चालवून घेता कामा नये.

घरात मोबाइलला रेंज नसेल तर आणखी एक उपाय आहे, तोही कुणी सांगत नाही कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. खिडकीत ठेवलेल्या राउटरचं वाय-फाय मोबाइलला जोडून मोबाइलमधलं वाय-फाय कॉलिंग चालू करायचं. मोबाइलचा नंबर तोच राहतो, फोन नेटवरून जातो. राउटरचं सिम एका कंपनीचं आणि मोबाइल दुसऱ्या कंपनीचा असला तरी बहुधा चालतं. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२० पासून ही सोय सुरू केली, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. ज्या घरात कुणाला रिसीव्हरच हवा असं नाही, त्यांनी अडॅप्टरचा खर्च करण्याआधी हे करून बघावं.

शहरातल्या वाचकांना वाटेल, हे मळ्यातल्यांचं रडगाणं आहे. तसं नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर निघाली आहेत, रस्ते खणले जात आहेत आणि पंचवटीतल्या जुन्या गल्ल्यांमध्येही तुटलेल्या वायरींच्या जागी सिमचे राउटर येत आहेत. पर्वणीच्या दिवशी रामकुंड आणि तपोवनाच्या आसपास लाखो लोकांचे मोबाइल एकाच वेळी त्याच टॉवरांवर येतील. व्होल्टीला राखीव वाट आहे, इंटरनेट फोनला नाही, त्याचे तुकडे बाकीच्या व्हिडिओ-फोटोंच्या रांगेत उभे राहतात. घाटाजवळच्या घरात एकटे राहणारे वृद्ध त्या दिवशी कुणाला फोन लावू शकतील का, हे आज विचारायला हवं. ज्यांना जमेल त्यांनी निदान त्या काळापुरता व्होल्टीवर चालणारा एक साधा बटणांचा मोबाइल घरात चार्ज करून ठेवावा. टेबलावर ठेवायचे, आत सिम बसणारे मोठ्या बटणांचे फोनही मिळतात. व्होल्टी असलेला बघून घेतला तर म्हाताऱ्या माणसांसाठी तो आमच्या या सगळ्या खटाटोपापेक्षा सोपा पडतो. आत रेंज नीट येत असती तर आम्हीही तोच घेतला असता.

माझी मागणी एका पानाची आहे. सिमच्या राउटरवर घरचा फोन विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने आणि दुकानदाराने मराठीत छापलेलं एक पान बिलासोबत द्यावं. लाइट गेली की फोन जाईल, रोजचा पॅक संपल्यावर बोलता येईल की नाही, जुना नंबर राहील की सुटेल, आणि ११२ या सेवेवरून लागतो का व मदत कोणत्या पत्त्यावर जाईल, एवढं त्यावर असावं. आपल्या वृत्तपत्राने कंपन्यांना हे जाहीरपणे विचारावं आणि त्यांची उत्तरं छापावीत, ही विनंती. कंपनीकडे तक्रार नोंदवली की तिचा डॉकेट नंबर मागून घ्या. निवारण झालं नाही तर वर अपील करता येतं, आणि तिथे तो नंबरच लागतो.

आणि जे या आठवड्यात असा फोन घ्यायला निघाले असतील त्यांनी दुकानात एवढंच करावं. राउटर आणि अडॅप्टर तिथेच जोडायला लावा, फोन कुणालाही न लावता अर्धा तास तसाच राहू द्या, आणि मग आपल्या मोबाइलवरून त्यावर फोन करा. घंटी वाजली तर पैसे द्या.

आपली,
मखमलाबाद शिवारातील एक वाचक,
नाशिक